नाइटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या मोबदल्यावर, पोट असलेल्यांसाठी: महामारीतल्या सरकारी मदतीचे कागद आधीच कसे जमवावेत

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला आला होता. पाडव्याला नारायणगावात तमाशाच्या राहुट्यांपुढे गावोगावचे यात्रा कमिटीवाले जमतात, यंदा वग (तमाशातले नाट्य) कुठला, सोबत कोण कोण आहे याची चौकशी होते, आकडा ठरतो आणि सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचे आगाऊ बुकिंग, दिली जाते. त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी देशभराची टाळेबंदी सुरू झाली. पुण्यातली नाट्यगृहे तर त्याआधीच बंद पडली होती. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले आणि १३ तारखेच्या मध्यरात्रीपासून पुणे, पिंपरी-चिंचवड आणि इतर मोठ्या शहरांतली नाट्यगृहे बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून प्रयोगांना परवानगी मिळाली, एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा गेली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला तिसरी घंटा पुन्हा वाजली.

पुढचा पाडवा १३ एप्रिल २०२१ चा. त्या संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी नवे निर्बंध जाहीर केले आणि सोबत ५,४७६ कोटींची मदतही. नोंदणीकृत बांधकाम कामगारांना दीड हजार, नोंदणीकृत घरेलू कामगारांना, फेरीवाल्यांना, परवानाधारक रिक्षाचालकांना दीड हजार, खावटी (उदरनिर्वाहासाठीची सरकारी मदत) योजनेतल्या आदिवासी कुटुंबांना दोन हजार. टीव्हीसमोर बसून मी ती यादी शेवटपर्यंत ऐकली. माझे मूळ काम कपडेपटाचे. नऊवारी, शालू, अंगरखे इस्त्री करून विंगेत क्रमाने लावून ठेवायचे. यादीत कलाकार नव्हते, बॅकस्टेजवाले नव्हते, साउंडवाले नव्हते.

नंतर विचार करताना कारण लक्षात आले. ज्यांना पैसे मिळाले त्या प्रत्येकाचे नाव आधीच कुठल्या ना कुठल्या सरकारी यादीत होते. बांधकाम मजुरांचे मंडळ आहे, घरेलू कामगारांचे मंडळ आहे, रिक्षाचा परवाना आरटीओत आहे, फेरीवाल्याचे सर्वेक्षण महापालिकेत आहे. आमचे नाव कुठे होते? निर्मात्याच्या मॅनेजरच्या डायरीत, आणि प्रयोगाआधीच्या निवेदनात. संकटात सरकार सगळ्यात आधी तयार यादीवर पैसे टाकते, आणि आपण कुठल्याच यादीत नसतो. हा लेख त्या यादीत शिरण्यासाठी काय काय करावे लागते त्याबद्दल आहे. गेली काही वर्षे मी ओळखीच्या लोकांचे अर्ज भरून देते, त्यातून जे कळले ते सविस्तर सांगते.

आमच्या लोकांसाठी राज्य सरकारची वेगळी मदत आली ती नोव्हेंबर २०२१ च्या शासन निर्णयाने. ५६ हजार एकल कलाकारांना प्रत्येकी ५ हजार रुपये, एकदाच. त्यासाठी २८ कोटी, आणि शाहिरी, संगीतबारी, तमाशा फड, दशावतार, नाटक, झाडीपट्टी, सर्कस, टुरिंग टॉकीज अशा ८४७ संस्थांसाठी ६ कोटी. वीस महिने घरी बसल्यावर पाच हजार, म्हणजे महिन्याला अडीचशे रुपये. रक्कम तोकडी होती, हे मी आजही म्हणते. पण ज्यांना ते पाच हजारही मिळाले नाहीत, त्यातल्या बहुतेकांचे घोडे कागदावर अडले होते, आणि तेवढे तरी आपल्या हातात आहे.

आधी ठरवा: कागदावर तुम्ही कोण?

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे, कारण योजना त्याप्रमाणे बदलते.

रंगमंचावर उभे राहणारे, म्हणजे नट, गायक, नर्तक, ढोलकीपटू, शाहीर, साथीदार, हे सांस्कृतिक कार्य विभागाच्या योजनांत ‘कलाकार’ म्हणून बसतात. मागे काम करणारे, म्हणजे नेपथ्य लावणारे, लाइटवाले, रंगभूषा, कपडेपट, बुकिंगवरचा माणूस, डोअरकीपर, टेम्पोचा हमाल, यांच्यासाठी असंघटित कामगारांचा रस्ता जास्त खात्रीचा. रंगभूषाकार किंवा प्रकाशयोजनाकार कलाकार नाही असे मला अजिबात म्हणायचे नाही. पण अर्जावर ‘कलाप्रकार’ असा रकाना असतो आणि तिथे ‘लाइट’ लिहिले की समोरचा कारकून थबकतो. म्हणून मागच्या माणसाने दोन्ही बाजूंनी कागद ठेवावेत.

ज्यांचा स्वतःचा माल आहे त्यांचा तिसरा गट. साउंड-लाइटचे ठेकेदार, मांडववाले, ऑर्केस्ट्राचे मालक, बँजो पार्टीवाले. तुम्ही सूक्ष्म उद्योजक आहात आणि तुमची मदत मुख्यतः कर्जाच्या सवलतीतून येते. एकच माणूस दोन गटांत असू शकतो. ढोलकी वाजवणाऱ्याचा स्वतःचा साउंड सेट असला तर त्याने दोन्ही नोंदी कराव्यात, मात्र प्रत्येक ठिकाणी उत्पन्न तेच सांगावे.

कामाचा पुरावा: सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा

२०२१ च्या मदतीसाठी कला क्षेत्रात १५ वर्षे काम केल्याचा पुरावा मागितला होता. पंधरा वर्षे! आमच्याकडे प्रयोग संपला की नाइट हातात मिळते, बहुतेक वेळा रोख, सही कुठे नाही की पावती नाही. वीस-वीस वर्षे दौरे केलेल्या माणसांकडे दाखवायला एक चिठ्ठी नव्हती.

अपवाद एका लाइटवाल्या काकांचा. त्यांनी पिशवीतून खिशात मावणाऱ्या डायऱ्या काढल्या, दरवर्षीची एक, रबराने बांधलेल्या. आत बॉलपेनने बारीक अक्षर: तारीख, वार, ‘टिळक स्मारक, दु. १२’, ‘भरत, रात्री ९’, नाटकाचे नाव, नाइट किती, किती बाकी. एका पानावर चहा सांडलेला. दौऱ्यावर असताना गावाचे नाव आणि गाडी कधी सुटली तेही. त्यांना त्या डायऱ्या फक्त बाकी वसूल करायला हव्या होत्या. पण त्या घेऊन आम्ही तीन निर्मात्यांकडे गेलो आणि तिघांनीही आपापल्या नाटकांच्या तारखा पाहून लेटरहेडवर पत्र दिले. स्वतःच लिहिलेली डायरी एकटी पुरावा म्हणून टिकत नाही, पण तिच्या आधाराने मिळालेले पत्र टिकते.

तेव्हा आजपासून डायरी सुरू करा. मोबाइलमध्ये नको, कागदाचीच, आणि महिन्याच्या शेवटी मॅनेजरची किंवा निर्मात्याची सही घ्या. मागच्या वर्षांसाठी पुढे सांगते ते शोधा. माळ्यावरच्या पेट्या उघडाव्या लागतील, त्याला इलाज नाही.

राज्य नाट्य स्पर्धेची प्रमाणपत्रे सगळ्यात भक्कम, कारण ती सरकारचीच आहेत. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धेत काम केले असेल तर तेही प्रमाणपत्र फेकू नका. वर्षांची मोजणी तिथून सुरू करता येते. महापालिकेच्या नाट्यगृहांत, म्हणजे बालगंधर्व, यशवंतराव चव्हाण, अण्णा भाऊ साठे अशा ठिकाणी, बुकिंगची पावती संस्थेच्या नावावर निघते. ती संस्था तुम्हाला पत्र देणार असेल तर एक-दोन पावत्यांच्या प्रती जोडायला सांगा, पत्राचे वजन वाढते. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती, हँडबिले, स्मरणिका, ज्यात नाव छापले आहे त्या सगळ्या ठेवा, आणि वर्तमानपत्राचे कात्रण काढताना तारीख असलेला वरचा पट्टाही कापून सोबत चिकटवा. तारीख नसलेले कात्रण म्हणजे नुसता कागद.

फडातल्या आणि ऑर्केस्ट्रातल्या लोकांना जाहिरातीत नाव क्वचितच मिळते. त्यांनी यात्रेच्या गावचा आधार घ्यावा. सुपारीच्या करारपत्राची प्रत फडमालकाकडे असते. ग्रामपंचायतीकडून ‘अमुक यात्रेत अमुक फडाचा कार्यक्रम झाला’ असा दाखला मिळतो. आणि फडमालक त्यावर ‘हे आमच्याकडे अमुक सालापासून आहेत’ असे लिहून देऊ शकतो. एक अडचण मात्र खरी आहे. उचल (आगाऊ पैसे) घेऊन मधेच फड बदललेल्या माणसाला जुना मालक पत्र देत नाही. अशा वेळी भांडत बसू नका. त्या फडातल्या दोन ज्येष्ठ कलाकारांची स्वयंघोषणापत्रे घ्या आणि ग्रामपंचायतीचे दाखले जास्त जोडा.

पत्र कसे असावे? लेटरहेडवर, संस्थेचा नोंदणी क्रमांक असलेले, तारखेसह. ‘यांना आम्ही ओळखतो, ते चांगले कलाकार आहेत’ एवढ्याने काही होत नाही. ‘सन २००४ ते २०१२ या काळात आमच्या संस्थेच्या अमुक नाटकांत संगीतसाथ केली, प्रति प्रयोग मानधन दिले जाई’ अशी साल, काम आणि मोबदला सांगणारी दोन वाक्ये पुरतात. पाच संस्थांची पाच पत्रे मिळून सलग पंधरा वर्षे भरली पाहिजेत. मध्ये दोन वर्षांची फट राहिली तर ती बाळंतपणाची होती, आजारपणाची होती की दुसऱ्या कामाची, हे अर्जातच लिहा.

नावातला घोळ

हा मुद्दा वेगळा काढला आहे, कारण बायकांचे अर्ज यावर सगळ्यात जास्त अडताना पाहिले आहेत.

लावणी आणि तमाशात नावापुढे गावाचे नाव लावण्याची जुनी पद्धत आहे. पोस्टरवर ‘सातारकर’, आधारवर माहेरचे आडनाव, बँकेत सासरचे. तिन्ही कागद एकाच बाईचे आहेत हे तिला माहीत, आम्हाला माहीत, संगणकाला माहीत नसते. दोन गोष्टी करा. प्रत्येक अनुभवपत्रावर आधारवरचे पूर्ण नाव आधी आणि रंगमंचावरचे नाव ‘ऊर्फ’ लावून नंतर लिहून घ्या. आणि आधार, बँक, शिधापत्रिका या तिघांवर नाव अक्षर न अक्षर सारखे करून घ्या, स्पेलिंगसह. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी दाखला, तो नसेल तर राजपत्रात नावबदलाची प्रसिद्धी, हा मार्ग आहे. वेळ लागतो. म्हणूनच हे काम योजना येण्याआधीचे.

उत्पन्न आणि रहिवास

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा महा ई-सेवा केंद्रातून होतो. पेठांतल्या लोकांसाठी पुणे शहर तहसील, म्हणजे शुक्रवार पेठेतली मामलेदार कचेरी. पण धायरी, वाघोली, मांजरीकडे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की गाव महापालिकेत आले असले तरी महसुली तालुका हवेलीच आहे. चुकीचा तालुका निवडला की अर्ज परत येतो आणि आठवडा जातो.

आमच्याकडे फॉर्म १६ नसतो, पगारपत्रक नसते. त्यामुळे तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र यावर दाखला मिळतो. तलाठ्याकडे जाताना ती डायरी आणि बँकेचे स्टेटमेंट घेऊन जा. दाखल्यासाठीचे स्वयंघोषणापत्र साध्या कागदावर चालते. बाहेर बसलेला माणूस स्टॅम्पपेपर घ्यायला लावत असेल तर आत खिडकीवर विचारा.

आता मर्यादेबद्दल. २०२१ च्या मदतीला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४८ हजार होती, म्हणजे महिना ४ हजार. महिना आठ-दहा हजार मिळवणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा तबलजी या मर्यादेबाहेर गेला, आणि टाळेबंदीत त्याची कमाई शून्य होती. दाखला मागच्या वर्षाचे उत्पन्न सांगतो, भूक या वर्षाची असते. ही मर्यादा चुकीची आहे, आणि पुढच्या वेळी ‘बंदीच्या काळातले उत्पन्न’ हा निकष असावा, असे जिथे निवेदन देता येईल तिथे संघटनांनी दिले पाहिजे. पण म्हणून खोटा आकडा सांगू नका. बँक खात्यात वेगळेच दिसले तर मिळालेले पैसे परत मागतातच, शिवाय पुढची योजनाही हातची जाते.

रहिवासाचा अधिवास दाखलाही तहसीलमधूनच निघतो. एकदा काढला की पुन्हा पुन्हा लागत नाही, तेव्हा तो आजच काढून ठेवा. उत्पन्नाचा मात्र ताजा लागतो, म्हणून दरवर्षी एप्रिल-मेमध्ये नवा काढायची सवय लावून घ्या. याच दाखल्यावर धर्मादाय रुग्णालयात राखीव खाटांचा लाभही मिळतो (निर्धनांसाठी वार्षिक १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार अशी मर्यादा आहे), त्यामुळे काढलेला दाखला वाया जात नाही.

पैसे येणार ते खाते

मंजूर झालेले पैसे खात्याजवळ येऊन परत जातात, हे मी स्वतः पाहिले आहे. कारणे ठरलेली असतात.

१ एप्रिल २०२० ला अनेक सरकारी बँकांचे विलीनीकरण झाले. ओरिएंटल बँक पंजाब नॅशनलमध्ये गेली, सिंडिकेट कॅनरामध्ये, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत. पासबुक तेच राहिले, पण आयएफएससी कोड २०२१ मध्ये बदलले. २०२१ च्या अखेरीस अर्ज भरताना कितीतरी जणांनी जुन्या पासबुकावरून जुना कोड उतरवला. एका बाईंच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर सिंडिकेटचा शिक्का होता आणि आतली शेवटची नोंद कॅनराची. त्यांनी पहिल्या पानाची झेरॉक्स जोडली होती. अर्जाआधी शाखेत जाऊन पासबुक नवे छापून घ्या, नाहीतर एक रद्द केलेला चेक घ्या.

दुसरी गोष्ट आधारची. ‘खात्याला आधार लिंक आहे’ असे बँकेत सांगतात, पण सरकारी पैसे आधार क्रमांकावरून पाठवले जातात तेव्हा ते सगळ्यात शेवटी ज्या बँकेत आधार जोडले त्या खात्यात पडतात. चार वर्षांपूर्वी कुठल्या तरी मेळाव्यात उघडलेले आणि विसरलेले खाते तुमच्या आधारला शेवटचे जोडलेले असू शकते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कुठल्या बँकेशी जोडले आहे त्याची, स्थिती दिसते. साध्या फोनवरून *९९*९९*१# लावूनही कळते. बँकेचे नाव चुकीचे दिसले तर ज्या खात्यात पैसे हवेत त्या शाखेत सीडिंगचा फॉर्म भरून द्या.

तिसरे, दोन वर्षे काहीच व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते. दर सहा महिन्यांनी शंभर रुपये टाका, काढा. शक्यतो नाइटही यूपीआयवर घ्यायला लागा. पहिल्यांदा मॅनेजर कुरकुर करतील, पण तेच स्टेटमेंट उद्या कामाचा पुरावा होते.

आजच करून ठेवायच्या नोंदण्या

ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगार म्हणून केंद्र सरकारकडची नोंद, प्रत्येकाने काढावे. हे पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाले. वय १६ ते ५९, भविष्य निर्वाह निधी किंवा ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) सदस्य नसलेले आणि आयकर न भरणारे कामगार यात येतात. नोंदणी फुकट आहे, आधारला जोडलेला मोबाइल हवा, आणि बारा अंकी क्रमांक मिळतो. व्यवसाय निवडताना घाईत ‘इतर’ वर बोट ठेवू नका. ज्या दिवशी सरकार व्यवसायानुसार यादी काढेल, त्या दिवशी ‘इतर’ मध्ये असलेला माणूस कुणालाच सापडणार नाही. शोधाच्या चौकटीत तुमच्या कामाचे शब्द टाका आणि सगळ्यात जवळचा व्यवसाय निवडा.

पन्नाशी ओलांडलेल्या कलाकारांनी राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत अर्ज करावा. ही १९५४-५५ पासून चालत आलेली जुनी मानधन योजनाच आहे. पूर्वी अ, ब, क श्रेणीप्रमाणे ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये महिना मिळत. २०२४ पासून सगळ्यांना सरसकट ५ हजार झाले. वय ५० (अपंगांना ४०), कलेत १५ वर्षे आणि वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, हे मुख्य निकष. अर्ज ऑनलाइन, निवड जिल्ह्याच्या समितीकडून, आणि एका जिल्ह्यातून वर्षाला शंभरच नावे. पुण्यासारख्या जिल्ह्यात शंभर म्हणजे काहीच नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी नाव आले नाही तरी सोडू नका. कलावंत गेल्यावर पती किंवा पत्नीला हे मानधन चालू राहते. अर्जात जोडीदाराचे नाव आणि आधार बिनचूक लिहा. साठीनंतर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्येष्ठ कलाकारांसाठीची योजनाही आहे, महिना ६ हजारांपर्यंत, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ७२ हजार. एक ध्यानात ठेवा: २०२१ ची एकरकमी मदत मानधन घेणाऱ्यांना मिळत नव्हती. दोन्हीतून निवडायचे झाले तर मानधनच निवडा, ते दर महिन्याचे आहे.

साउंड, लाइट, मांडव, वाद्यवृंदवाल्यांनी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करावी. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन आणि फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळे हुबेहूब सरकारी दिसतात, त्यांना भुलू नका.

आणि ज्यांच्या मानधनातून टीडीएस (आगाऊ आयकर) कापला जातो त्यांनी आयकर विवरणपत्र भरावे. कर लागत नसला तरी भरावे. कापलेले पैसे परत मिळतात आणि उत्पन्नाचा निर्विवाद कागद तयार होतो. ब्रिटनमध्ये २०२० साली स्वतंत्र काम करणाऱ्यांना सरासरी नफ्याच्या ८० टक्के, तीन महिन्यांचे मिळून साडेसात हजार पौंडांपर्यंत अनुदान मिळाले, पण ज्यांनी २०१८-१९ चे विवरणपत्र भरले होते त्यांनाच. त्यानंतर काम सुरू केलेले नट-वादक तिथेही बाहेर राहिले. सरकार कुठलेही असो, ते कागदच बघते.

रेशनकार्डाचे विसरू नका. २०२० च्या एप्रिलपासून अन्न सुरक्षा योजनेतल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य फुकट मिळाले. योजनेत नसलेल्या केशरी कार्डवाल्यांना मे-जूनमध्ये गहू ८ आणि तांदूळ १२ रुपये किलोने. आमच्यातल्या कित्येकांचे कार्ड गावाकडे एकत्र कुटुंबात होते आणि माणूस पुण्यात अडकलेला. राहता त्या ठिकाणी कार्ड आणा, किंवा निदान आधार प्रमाणित करून घ्या, म्हणजे ‘एक देश एक रेशनकार्ड’ खाली इथल्या दुकानात धान्य उचलता येईल.

योजना जाहीर झाली की पहिले दोन दिवस

व्हॉट्सअॅपवर फिरणारा फॉर्म भरू नका. आधी महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर मूळ शासन निर्णय शोधा. विभाग निवडताना पर्यटन व सांस्कृतिक कार्य. प्रत्येक निर्णयाला सांकेतांक असतो, तो लिहून ठेवा. निर्णय पूर्ण वाचा, विशेषतः ‘पात्रता’ आणि शेवटी जोडलेला अर्जाचा नमुना. मी तो छापून घेते आणि प्रत्येक अटीसमोर हातातल्या कागदाचे नाव लिहिते. जिथे जागा रिकामी राहते तिथे लगेच धावायचे.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत असेल तर स्वतः नेऊन द्या आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. एका कार्यालयात ‘ठेवून जा, नंतर बघू’ म्हणून आमच्या आठ जणांचे अर्ज घेतले गेले. पोच नव्हती. महिन्याने विचारले तेव्हा गठ्ठाच सापडेना, आणि आम्ही अर्ज दिला होता हे सिद्ध करायला आमच्याकडे काहीही नव्हते. त्या आठांत एक सत्तरीच्या हार्मोनियमवादक आजी होत्या. तेव्हापासून शिक्क्याशिवाय मी खिडकी सोडत नाही. ऑनलाइन अर्ज असेल तर शेवटचे पान, अर्ज क्रमांक दिसेल असे, फोटो काढून दोन जणांना पाठवून ठेवा. ओटीपी कुणालाही सांगू नका, केंद्र चालवणाऱ्यालाही आकडा स्वतः टाइप करून द्या.

अडकला तर

दाखले वेळेत मिळत नसतील तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वापरा. ठरलेली मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला की ३० दिवसांत ‘आपले सरकार’ पोर्टलवर पहिले अपील करता येते. नुसते ‘अपील करतो’ म्हटल्यावरही कागद हलताना पाहिला आहे.

मदतीच्या अर्जाचे काय झाले हे कळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. प्रश्न छोटे ठेवा: माझा अमुक तारखेचा अर्ज कुणाकडे आहे, कोणत्या त्रुटीमुळे प्रलंबित आहे, पात्र यादीची प्रत द्यावी. ‘अन्याय का झाला’ असे विचारले तर उत्तर येत नाही.

कर्ज असेल तर बंदी जाहीर होताच बँकेला लेखी कळवा. २०२० मध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट हप्ते पुढे ढकलण्याची मुभा होती. व्याज मात्र चालूच राहिले. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर फक्त व्याजावरच्या व्याजाचा फरक नंतर परत मिळाला. ज्याला हप्ता भरणे शक्य होते त्याने तो थांबवून नुकसानच करून घेतले. तेव्हा सवलत घेण्याआधी एकूण किती जास्त जाणार हा आकडा बँकेकडून लिहून घ्या. फडातली उचल किंवा सावकाराचे पैसे या सवलतीत नव्हते.

एक शेवटचे, लिहायला जड जाते तरीही. कोविडने गेलेल्यांच्या वारसाला ५० हजार रुपये सानुग्रह मदत मिळाली. मृत्यू दाखल्यावर कोविड लिहिलेले नसले तरी चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू धरला जात होता. आमच्या ओळखीच्या एका घरात रिपोर्ट फक्त गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये होता आणि फोनला पासवर्ड. दुरुस्तीच्या दुकानातून तो उघडून घेतला, तेव्हा कुठे अर्ज झाला.

म्हणून सगळे कागद एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा, आणि आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: आधार कुठल्या बँकेशी जोडले आहे, ई-श्रमचा क्रमांक, पत्रे कुणाकडून घेतली, मूळ प्रती कुठे आहेत, फोन कसा उघडायचा. दौऱ्यावर निघताना ती फाइल सामानात टाकू नका. घरात जो मागे राहतो त्याला कपाटाचा कप्पा दाखवून जा.